चिखलाची गाडी आणि डोंगरवाटेची गाडी

मनुष्यानें चाक शोधून काढलें आणि त्याचबरोबर त्याला रस्त्याची गरज लागली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. चाकाला कठीण व सपाट भूमि हवी. आणि तशी भूमि निसर्गांत फार थोडी सांपडते. भाताच्या खाचराजवळ फसलेली बैलगाडी ज्यानें पाहिली आहे, त्याला हें निराळें सांगावयास नको. बैल मान खालीं घालून जोर करतात, जूं कुरकुरतें, गाडीवान चाकाला खांदा लावतो, पण लोखंडी धांव बसविलेलें तें चाक चिखलांत अधिकच रुतत जातें. रस्त्यावांचून चालणारी गाडी असावी ही इच्छा म्हणूनच जुनी आहे. ती लहान आकारांत आणि सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली ती मात्र गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत.

या गाडीला इंग्रजींत ‘ऑल-टेरेन व्हेईकल’ म्हणतात. मराठींत तिला सर्वभूमिगामी गाडी म्हणतां येईल. परंतु व्यवहारांत ए. टी. व्ही. हें आद्याक्षरांचें नांवच रूढ आहे. मोटारसायकलप्रमाणें तिच्यावर मांड टाकून बसावयाचें, हातांत हँडल धरावयाचें, उजव्या आंगठ्याखालीं वेग कमीजास्त करण्याची खिटी असावयाची, आणि खालीं चार फुगीर, बसकीं चाकें, असें तिचें स्वरूप असतें. १९७० सालीं जपानच्या होंडा कंपनीनें अमेरिकेंत यू. एस. ९० या नांवाची तीनचाकी आणली, तेथून हिचा इतिहास सुरू होतो. हिंवाळ्यांत मोटारसायकलींचा खप मंदावतो. त्या दिवसांतहि दुकानदारांस विकावयास कांहीं तरी असावें, हा मूळ हेतु. ओसामु ताकेउचि या एंजिनियरानें कमी हवेच्या, फुग्यासारख्या टायरांची योजना करून तो सिद्धीस नेला. पण तीन चाकांची गाडी वळणावर सहज कलंडते. १९८२ सालीं सुझुकीनें चार चाकांची ‘क्वाडरनर’ काढली, आणि १९८६ सालीं होंडानें चारही चाकांना एंजिनाची शक्ति पोंचविणारी ‘फोरट्रॅक्स ३५०’ बाजारांत आणली. पुढें १९८८ सालीं अमेरिकन सरकार व कारखानदार यांच्यांत कोर्टामार्फत झालेल्या तडजोडीनें नव्या तीनचाकींची विक्री थांबली, आणि २००८ सालच्या कायद्यानें त्या विक्रीला व आयातीला बंदी घातली.

आज या चारचाकी गाड्यांत पोलॅरिस, कॅन-ॲम, यामाहा, होंडा, कावासाकी, सुझुकी अशीं अनेक नांवें आहेत. अमेरिकेंत व कॅनडांत शेतकरी, शिकारी, वनखात्यांतील माणसें आणि सुटीच्या दिवशीं रानवाटा हिंडणारे हौशी लोक या गाड्या वापरतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील तरुणांसहि हा नाद लागणें अशक्य नाहीं. नवा गिऱ्हाईक दुकानांत गेला कीं त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: एंजिन किती सी. सी. चें? हा प्रश्न निरर्थक नाहीं, पण तो पहिला नव्हे. जें चाक जमिनीला धरीत नाहीं, त्याला अधिक शक्ति दिली तर तें अधिक खोल खड्डा खणतें, एवढेंच. एंजिनांत उत्पन्न झालेली शक्ति कोणत्या चाकाकडे, केव्हां आणि किती जाते, हा खरा प्रश्न आहे.

तो समजण्यासाठीं ‘डिफरन्शियल’ या भागाची ओळख करून घ्यावयास हवी. गाडी वळतांना बाहेरच्या बाजूच्या चाकास लांबचा फेरा पडतो व आंतल्या चाकास जवळचा. दोन्ही चाकें एकाच आंसाला घट्ट जखडलेलीं असलीं, तर त्यांतलें एक फरफटत जाईल आणि हँडल वळविणें जड होईल. म्हणून आंसाच्या मध्यभागीं दांतेरी चक्रांची अशी रचना करतात, कीं दोन्ही चाकांना ओढण्याचा जोर सारखा मिळावा, परंतु फिरण्याचा वेग ज्याचा त्याला ठरवितां यावा. कोरड्या जमिनीवर ही व्यवस्था उत्तम चालते. चिखलांत मात्र तिचाच गुण दोष ठरतो. एक चाक गुळगुळीत रेंद्यांत असेल, तर त्याला फिरावयास जोर लागतच नाहीं. आणि दोघांना सारखाच जोर द्यावयाचा असल्यामुळें कठीण जमिनीवर असलेल्या दुसऱ्या चाकालाहि तेवढाच थोडा जोर मिळतो. एक चाक गरगर फिरतें आणि दुसरें स्वस्थ उभें राहतें. या गाड्यांचीं मागचीं दोन चाकें बहुधा एकमेकांशीं जखडलेलींच असतात, म्हणून तेथें ही अडचण येत नाहीं; ती पुढच्या चाकांत येते. तेव्हां ‘चारही चाकांची गाडी’ म्हणून विकत घेतलेली गाडी ऐन अडचणीच्या वेळीं दोनअडीच चाकांचीच ठरण्याचा संभव असतो.

या एका अडचणीवर निरनिराळ्या कारखान्यांनीं निरनिराळे उपाय योजले आहेत, आणि गाड्यांतील खरा फरक येथेंच आहे. यामाहाच्या ‘ग्रिझ्ली’ गाडींत हँडलाजवळच्या बटनांनीं दोन चाकें, चार चाकें आणि चार चाकें जखडलेल्या स्थितींत, अशा तीन अवस्था निवडतां येतात. तिसऱ्या अवस्थेंत पुढचीं दोन्ही चाकें एकजीव होतात. मग एक चाक अधांतरीं असलें तरी दुसरें ओढीत राहतें. पण तें बटन चिखलांत शिरण्यापूर्वीं दाबण्याची आठवण चालकानें ठेवली पाहिजे. पोलॅरिसच्या ‘स्पोर्ट्‌समन’ गाडींत हें काम आपोआप होतें. तिच्या पुढच्या भागांत लहान लहान रूळ बसविलेले असतात. मागचीं चाकें घसरून पुढच्यांपेक्षां जलद फिरूं लागलीं, कीं हे रूळ पाचरीसारखे अडकतात आणि पुढचीं दोन्ही चाकें एकदम ओढूं लागतात. घसरणें थांबलें कीं तीं पुन्हां मोकळीं होतात. वाटेवर हँडल हलकें राहतें आणि चिखलांत चारही चाकें कामास येतात, हा या योजनेचा गुण. मात्र आधीं थोडें घसरावें लागतें, मगच मदत येते.

कॅन-ॲमच्या ‘आउटलँडर’ गाड्यांत पुष्कळ वर्षें एका दाट द्रवाचा उपयोग करण्यांत आला आहे. पुढच्या दोन चाकांच्या वेगांत फरक पडला, कीं त्या द्रवाचा दाब वाढतो आणि त्या दाबानें चकत्या एकमेकींवर आवळल्या जाऊन चाकें हळूहळू जखडलीं जातात. होंडाच्या अनेक गाड्यांत घर्षणाचा असाच, पण मर्यादित, उपयोग केलेला असतो. त्यांचें हँडल सौम्य चालतें. परंतु एक चाक पूर्णपणें अधांतरीं झालें तर ही मदत अपुरी पडते. कावासाकीच्या ‘ब्रूट फोर्स ७५०’ मध्यें डाव्या मुठीजवळ एक तरफ असते. ती जितकी आवळावी तितकीं पुढचीं चाकें जखडलीं जातात; म्हणजे किती जखडावयाचें याचा निर्णय सर्वस्वीं चालकाच्या हातीं. वाकबगार माणसाच्या हातीं ही युक्ति फार उपयोगी पडते. नवशिक्याला मात्र एका हातानें तरफ आवळून त्याच हातानें हँडलहि सांवरावयाचें हें प्रथम प्रथम अवघड जातें.

यांतून चिखलवाल्यानें काय घ्यावें आणि वाटेवाल्यानें काय घ्यावें, हें बऱ्याच अंशीं उघड होतें. खोल चिखलांत जाणाऱ्याला पूर्णपणें जखडतां येणारीं पुढचीं चाकें हवींत. दिवसभर नागमोडी वाटेनें जाणाऱ्याला जखडलेलीं चाकें तापदायक वाटतील, कारण तीं सरळच जाऊं पाहतात आणि मनगटें दुखावतात. २००७ सालीं ‘ग्रिझ्ली ७००’ मध्यें विजेच्या मदतीनें हँडल हलकें करण्याची सोय आली, व पुढें ती इतर गाड्यांतहि आली. खडकावर चाक आदळलें असतां हँडल हिसका देतें. तो हिसका या सोयीनें पुष्कळच कमी होतो. लांबच्या प्रवासाला ही सोय चैनीची वस्तु नव्हे.

दुसरा विचार गति बदलण्याच्या यंत्राचा. या गाड्यांपैकीं बहुतेकांत गिअरांऐवजीं रबरी पट्टा असतो. दोन पुल्यांवर तो पट्टा चढतो-उतरतो आणि गति आपोआप बदलते. हें यंत्र वापरावयास सोपें असतें. पण पट्ट्याच्या पेटींत पाणी शिरलें, तर ओला पट्टा पुलीवर घसरतो आणि गाडी पाण्याच्या मध्यावरच निर्बल होते. पेटी वाळेपर्यंत तिचा इलाज चालत नाहीं. होंडानें पट्टा टाळून आपल्या गाड्यांत दांतेरी गिअर ठेवले आहेत. कांहींत पायानें बदलावयाचे, तर कांहींत दुहेरी क्लचनें आपोआप बदलणारे. ओल्या मुलखांत त्या निर्धास्त वाटतात, तें यामुळेंच. मात्र जड ओढीसाठीं असलेला अत्यंत मंद असा वेगळा गिअर कांहीं लहान गिअरवाल्या गाड्यांत नसतो. तो आहे कीं नाहीं, हें घेण्यापूर्वीं पाहून घ्यावें. खोल चिखलांत आणि उभ्या चढावर तोच उपयोगी पडतो, आणि पट्ट्याच्या गाडींतहि पट्टा जळण्यापासून तोच वांचवितो.

चढण्यापेक्षां उतरणें अधिक धोक्याचें, हें घाट उतरणाऱ्या प्रत्येक गाडीवानास ठाऊक असतें. उतारावर केवळ ब्रेक दाबले तर ओल्या मातींत चाकें थांबतात आणि गाडी घसरगुंडीवरून जावी तशी जाते. म्हणून एंजिनानेंच चाकांना आंवरून धरलें पाहिजे. यामाहानें आपला पट्टा सदैव ताणलेला ठेवून ही सोय केली आहे, आणि चार चाकें चालू असतांना हें आंवरणें चारही चाकांवर पडतें. पोलॅरिसचे रूळ साधारणपणें ओढतांनाच अडकतात; उतारावर पुढच्या चाकांचें साहाय्य हवें असेल, तर त्या कंपनीची उताराची वेगळी योजना बसविलेली गाडी घ्यावी लागते. डोंगराळ मुलखांत राहणाऱ्यानें दुकानदाराला इतर कांहीं विचारलें नाहीं तरी चालेल, पण हें अवश्य विचारावें.

तिसरा विचार मागच्या आंसाचा. कांहीं गाड्यांत मागचीं दोन चाकें एका अखंड आंसावर असतात. ही रचना साधी, मजबूत आणि ओझें वाहण्यास चांगली. आडव्या उतारावर ती कमी झुकते. पण एका चाकाखालीं दगड आला, कीं सगळी गाडी हिंदकळते, आणि आंसाचा मधला भाग जमिनीजवळ असल्यामुळें चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर तो टेकतो. दुसऱ्या प्रकारांत प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग असते. पोट जमिनीपासून उंच राहतें आणि पाठीला हिसके कमी बसतात. मात्र सांधे व रबरी टोप्या अधिक, म्हणून देखभालहि अधिक. होंडाच्या ‘रँचर’ जातींत हे दोन्ही प्रकार मिळत आले आहेत. मुळ्या आणि दगड यांनीं भरलेल्या वाटेवर दिवसाकांठीं चाळीसपन्नास मैल जावयाचें असेल, तर पन्नाशी उलटलेल्या माणसानें स्वतंत्र स्प्रिंगाचीच गाडी पत्करावी.

यानंतर टायर. या टायरांत दर चौरस इंचास साधारणपणें पांचसहा पौंडच हवा भरतात. मोटारीच्या टायरांत तीसच्या आसपास असते. त्यामुळें जमिनीवर पडणारा दाब चालणाऱ्या माणसाच्या पावलाखालील दाबाच्या जवळपास येतो, आणि म्हणूनच तीनशें किलो वजनाची गाडी मऊ मातीवरून जाऊं शकते. चिखलाच्या टायरांचे दांते दीडदोन इंच उंच आणि एकमेकांपासून दूर असतात. दूर अशासाठीं, कीं चाक फिरतांना मधली माती झटकली जावी. वाटेच्या टायरांचे दांते आंखूड व जवळ जवळ असतात. चिखलाचे टायर कठीण वाटेवर घातले तर गाडी सारखी थरथरते आणि दांते लवकर झिजतात; वाटेचे टायर चिकणमातींत घातले तर क्षणांत भरून लाटण्यासारखे गुळगुळीत होतात.

चिखल पाहूनहि टायर ठरवावा लागतो. वर राबडी आणि खालीं हातभर अंतरावर कठीण तळ असेल, तर उंच व अरुंद टायर ती राबडी कापून तळाला पोंचतो आणि तेथें पकड घेतो. जेथें तळच लागत नाहीं, तेथें रुंद टायर वरच्या थरावर तरंगत जाईल तेवढेंच खरें. उंच टायरांचा मोह मात्र जपून करावा. पंचवीस इंची टायर काढून अठ्ठावीस इंची घातला, तर गाडीचें पोट केवळ दीड इंचच वर येतें. पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक गाडी शेंकडा बारांनीं अधिक अंतर कापूं पाहते, आणि तो सर्व भार पट्टा, क्लच व आंस यांवर पडतो. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर जाऊन ती कलंडण्याचें भय वाढतें.

चिखलाबरोबर पाणी येतेंच. एंजिनाला हवा ओढून घेणारी नळी पाण्याखालीं गेली, तर एंजिन पाणी पितें आणि आंतून मोडतें. म्हणून पाय ठेवण्याच्या फळीच्या वर पाणी येऊं देऊं नये, हाच साधारण नियम. रेडिएटर पुढें, खालच्या बाजूस असतो. तो चिखलानें लिंपला गेला कीं एंजिन तापतें. या अडचणी ओळखून कॅन-ॲमनें २०११ सालीं ‘एक्स एम. आर.’ नांवाची खास चिखलासाठीं बनविलेली गाडी विकावयास काढली. तिचा रेडिएटर वर बसविलेला आहे, हवेच्या नळ्या उंच नेल्या आहेत, आणि टायर थोराड आहेत. लुइझियाना व मिसिसिपी या सखल संस्थानांतील दलदलींत ती शोभून दिसते. तीच गाडी डोंगरांतील अरुंद वाटेवर नेली, तर तिचें चारशें किलोंच्या घरांतलें वजन आणि तिची उंची चालकाला जागोजाग नडेल.

वाटेच्या बाबतींत आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या ध्यानांत राहत नाहीं. ती म्हणजे रुंदी. अमेरिकेच्या वनखात्याच्या कित्येक वाटा पन्नास इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या गाड्यांसाठींच मोकळ्या आहेत. सामान्य ए. टी. व्ही. सेहेचाळीस ते अठ्ठेचाळीस इंच रुंद असते. तिला बाहेर निघणारे रुंद टायर बसविले, कीं ती मर्यादा ओलांडते. पोलॅरिसनें २०२० सालच्या नमुन्यांत पंचावन्न इंच रुंद अशी एक ‘स्पोर्ट्‌समन’ काढली. ती स्थिर व वेगवान आहे, परंतु अशा वाटांची दारें तिला बंद आहेत. वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत हॅटफील्ड-मॅकॉय या नांवाच्या वाटांचें जाळें २००० सालीं खुलें झालें. कोळशाच्या व लांकडाच्या कंपन्यांच्या मालकीच्या डोंगरांतून गेलेल्या या वाटा आज हजार मैलांहून अधिक आहेत. तेथें परवाना घ्यावा लागतो, शिरस्त्राण सक्तीचें आहे, आणि सोप्या वाटेस हिरवा, मध्यमास निळा व कठीण वाटेस काळा रंग दिलेला आहे. अशा ठिकाणीं हलकी, अरुंद, उतारावर आंवरून धरणारी आणि हँडलाला सौम्य अशी चारपांचशें सी. सी. ची गाडी हजार सी. सी. च्या गाडीपेक्षां अधिक सुखाची ठरते.

दोन्हींचा नाद असणाऱ्यानें काय करावें? त्यानें मध्यम मार्ग धरावा. पांचशें ते सातशें सी. सी. चें एंजिन, जखडतां येणारीं पुढचीं चाकें, वेगळा मंद गिअर, स्वतंत्र स्प्रिंगा, सव्वीस इंची टायर व त्यांना सुमारें इंचभर उंचीचे दांते, आणि पुढें एक विंच, म्हणजे झाडाला दोर बांधून गाडीनें स्वतःलाच ओढून काढण्याचा रहाट. ही गाडी सर्वांत खोल दलदलींत फसेल. पण विंचनें बाहेर निघेल, आणि दुसऱ्या दिवशीं डोंगरहि चढेल. उरलेले पैसे शिरस्त्राण, बूट आणि शिक्षण यांवर खर्च करावे.

शिक्षणाचा उल्लेख शेवटीं आला, तरी महत्त्वानें तो पहिला आहे. ही गाडी केवळ हँडलानें चालत नाहीं. ती शरीरानें चालवावी लागते. चढावर पुढें झुकावें लागतें, उतारावर मागें सरकावें लागतें, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूस भार टाकावा लागतो. तिची बैठक लांब असते ती या हालचालीसाठीं, दुसऱ्या माणसासाठीं नव्हे. एकट्यासाठीं बनविलेल्या गाडीवर मागें कोणी बसला, कीं चालकाला हलतां येत नाहीं, पुढचीं चाकें हलकीं होतात आणि चढावर गाडी उलटी पालथी होते. गाडीखालीं चिरडून होणारे मृत्यु या व्यवसायाच्या आरंभापासून घडत आले आहेत. १९८८ ची तडजोड त्यांतूनच निघाली. त्या तडजोडींत सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या गाड्या देऊं नयेत, असेंहि ठरलें होतें. ‘अंगणांतच तर चालवितो’ म्हणून बारा वर्षांच्या मुलाच्या हातीं तीनशें किलोंची गाडी देणारा बाप त्याचें कौतुक करीत नसून त्याला संकटांत लोटीत असतो.

भूमीकडेहि पाहिलें पाहिजे. ओल्या वाटेवर खोल दांत्यांचीं चाकें गरगर फिरविलीं, कीं चाकोऱ्या पडतात. त्यांतून पावसाचें पाणी वाहतें आणि दोनतीन वर्षांत वाटेचा ओढा होतो. मग ती वाट सर्वांनाच बंद करावी लागते. चिखलाची हौस चिखलासाठीं राखून ठेवलेल्या जागीं पुरवावी, आणि वाटेवर वाटेप्रमाणें चालावें.

तेव्हां गाडी घेऊं पाहणाऱ्यानें प्रथम दुकानाकडे जाऊं नये. आपण जेथें हिंडणार त्या जमिनीकडे जावें. तेथील चिखलाला तळ आहे कीं नाहीं, चढ किती उभे आहेत, वाट किती रुंद आहे, पाणी कोठवर येतें, हें डोळ्यांनीं पाहावें, आणि आपलें वय व आपले हात यांचाहि हिशेब करावा. ही पाहणी करून जो दुकानांत जातो, त्याला कोणत्या कारखान्याची गाडी घ्यावी हें दुसऱ्याला विचारावें लागत नाहीं. आणि ज्या वाटेवर त्यानें जावें त्या वाटेवरून तो संध्याकाळीं धडधाकट घरीं परत येतो.